मेंदूचं आरोग्य, पाळण्यापासून पंचाहत्तरीपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूची चौकशी आपल्या घरांत बहुतेक दोन वेळा होते. एकदा मुलाची दहावी आली की, आणि नंतर आजी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लागली की. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत कुणाला मेंदू आठवत नाही, आणि म्हातारपणी तो कसा असेल यातलं बरंचसं त्याच वर्षांत ठरत असतं. म्हणून खाली भर त्या मधल्या वर्षांवर जास्त आहे.

साठी बुद्धी नाठी, हे खरं आहे का?

नाही. वय वाढलं की वेग मंदावतो. माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं, एका वेळी दोन कामं जड जातात. पण भाषेवरची पकड आणि माणसांची पारख साठीनंतरही टिकते, अनेकांची तर वाढते. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हा आजार आहे. वयाबरोबर त्याचा धोका वाढतो, पण तो प्रत्येकाला होतोच असं नाही. भारतात साठीपुढच्या लोकांची देशभर पाहणी झाली. तिचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की सुमारे ७.४ टक्के ज्येष्ठांना, म्हणजे साधारण ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. संख्या मोठी आहे. तरीही शंभरातल्या ९२-९३ जणांना तो नव्हता.

या म्हणीचा खरा तोटा असा की ती ऐकून लोक डॉक्टरांकडे जात नाहीत. "वय झालं आता" असं म्हणून घरी बसवलेल्या कित्येकांना साध्या उपचारानं बरं होणारा त्रास असतो. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

स्मृतिभ्रंश टाळणं आपल्या हातात कितपत आहे?

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ साली बदलता येण्याजोगी चौदा कारणं मांडली: कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, दिसायला कमी होणं, उच्च रक्तदाब, वाईट म्हणजे एलडीएल कोलेस्टेरॉल, मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान, अति मद्यपान, हालचालीचा अभाव, नैराश्य, एकटेपण, डोक्याला मार आणि हवेचं प्रदूषण. ही सगळी कारणं दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे.

हा आकडा साऱ्या लोकसंख्येचा आहे, एका माणसाला दिलेली हमी नव्हे. सगळं नीट सांभाळलेल्या माणसालाही आजार होऊ शकतो. तेव्हा त्यानं किंवा घरच्यांनी स्वतःला दोष देऊ नये. पण यादी पुन्हा वाचा. तिच्यातल्या बहुतेक गोष्टी गावच्या आरोग्य केंद्रात, रोजच्या ताटात आणि घराच्या अंगणात हाताळता येतात. महागडं काही फारसं नाही.

मला काहीच त्रास होत नाही, मग बीपीची गोळी कशाला?

सगळ्या प्रश्नांत मला हा सर्वात महत्त्वाचा वाटतो. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असतो, पण शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. हा पुरवठा केसांहून बारीक रक्तवाहिन्यांतून होतो. दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की या वाहिन्या जाड आणि कडक होतात, काही बंद पडतात. कुठे जाणवणारही नाहीत असे छोटे छोटे झटके मेंदूच्या आतल्या भागात येत राहतात. माणूस हिंडताफिरता असतो, डोकंही दुखत नाही. पंधरा-वीस वर्षांनी चाल मंदावते, निर्णय जमेनासे होतात, तेव्हा घरचे म्हणतात की अचानक झालं.

अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत पन्नाशीपुढच्या नऊ हजारांहून अधिक लोकांचे दोन गट केले होते. एका गटाचा वरचा दाब १२० च्या खाली ठेवला, दुसऱ्याचा १४० च्या खाली. २०१९ साली आलेल्या निष्कर्षांत पहिल्या गटात स्मृतिभ्रंशाच्या आधीची सौम्य विस्मरणाची अवस्था १९ टक्क्यांनी कमी दिसली. प्रत्येकानं १२० गाठावं असा याचा अर्थ नाही. वृद्ध, अशक्त, उठताना चक्कर येणाऱ्या माणसात दाब फार उतरवला तर पडण्याची भीती असते. चाळिशीपासून वरचा आकडा १३० च्या आसपास किंवा खाली असावा, हे लॅन्सेट आयोगाचं उद्दिष्ट बहुतेकांना लागू पडतं. तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील.

आपल्याकडे नेहमी घडणारी गोष्ट अशी: गोळीनं दाब नॉर्मल येतो, आणि नॉर्मल आला म्हणून गोळी बंद होते. तो गोळीमुळे नॉर्मल आहे. घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, दंड छातीच्या उंचीवर. चहा किंवा तंबाखूनंतर लगेच मोजू नका. आणि जेवणात पापड, लोणचं, फरसाण, वरून घेतलेलं मीठ यांच्याकडे एकदा बघा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही पूर्ण न भरणारं मीठ सांगते.

गरोदरपणात बाळाच्या मेंदूसाठी काय करावं?

सुरुवात गरोदरपणाच्याही आधी करावी लागते. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून साधारण चार आठवड्यांत मिटते. त्या वेळी अनेक बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड सुरू करायचं. आधीच्या बाळात असा दोष असेल किंवा फिटची औषधं चालू असतील तर डोस वेगळा लागतो, डॉक्टरांना विचारा.

मीठ आयोडीनयुक्तच वापरा. आयोडीनची कमतरता हे जगभरात मुलांच्या बौद्धिक मंदत्वाचं टाळता येण्यासारखं मोठं कारण राहिलं आहे. हल्ली आरोग्यदायी म्हणून रोजच्या स्वयंपाकात सैंधव किंवा गुलाबी मीठ आणलं जातं. त्यात पुरेसं आयोडीन नसतं. उपासाला चालेल, रोजच्या भाजीत नको, आणि घरात गरोदर बाई असेल तर मुळीच नको.

हिमोग्लोबिनकडेही लक्ष हवं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळी होते, मळमळतं, म्हणून त्या डब्यात राहतात. रात्री जेवणानंतर घेऊन बघा, चहाबरोबर घेऊ नका, लिंबू किंवा आवळ्याबरोबर घ्या.

लहान मुलांच्या मेंदूला सर्वात जास्त काय लागतं?

बोलणारं माणूस. मूल दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत त्याच्याशी केलेल्या गप्पा, बडबडगीतं, "हे काय, ते काय"ची उत्तरं यांतून मेंदूतली जोडणी घडते. मोबाईल लावून भरवलेलं जेवण पोटात जातं, पण ती वीस मिनिटं भाषेच्या दृष्टीनं वाया जातात. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस स्पष्ट आहे: वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, दुसऱ्या वर्षातही टाळावा, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. दूर असलेल्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणं मी यात धरत नाही. समोर उत्तर देणारं माणूस असतं.

एका गोष्टीची आपल्याकडे पुरेशी चर्चा होत नाही: शिसं. मुलाच्या मेंदूला शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही नाही. जुन्या बॅटऱ्या फोडण्याची ठिकाणं, जुन्या रंगाचे पोपडे, काही सुरमे आणि काजळ, लेड क्रोमेट हा शिशाचा रंग घालून पिवळीधमक केलेली भेसळीची हळद, या त्याच्या वाटा. २०२० साली युनिसेफनं प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातल्या दर तीनपैकी एका मुलाच्या रक्तात चिंताजनक शिसं असल्याचा अंदाज होता, आणि त्यात भारतातली मुलं सर्वाधिक होती. हळकुंडं आणून दळून घेता आली तर उत्तम. बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नका.

दहावी-बारावीच्या मुलाला स्मरणशक्तीचं टॉनिक कोणतं द्यावं?

कुठलंही नको. या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि आपण नेमकी तीच कापतो. दिवसा शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत. रात्री दोनपर्यंत जागून केलेली उजळणी सकाळच्या पेपरात आठवत नाही, याचं एक कारण हेच. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून "काय वाचलं" हे कागदावर लिहून काढणं, दोन दिवसांनी पुन्हा लिहिणं, यानं जास्त लक्षात राहतं. पाढे म्हणून घेणाऱ्या जुन्या मास्तरांची पद्धत अशीच होती.

मूल सतत थकलेलं, चिडलेलं असेल तर हिमोग्लोबिन तपासा. दोन-तीन आठवडे उदास असेल, जेवण-मित्र-खेळ सुटले असतील तर अभ्यासाचं नंतर बघा. "टेली मानस" या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आम्ही शाकाहारी. बी-१२ चा मेंदूशी काय संबंध?

फार जवळचा. मज्जातंतूंवरचं आवरण टिकायला बी-१२ लागतं, आणि वनस्पतींमध्ये ते नसतं. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मांस यांतूनच येतं. पातळ ताकाच्या एका वाटीवर दिवसाची गरज भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं. शाकाहारी लोकांत कमतरता जास्त होती.

तळपायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, जीभ लाल होऊन झोंबणं, चिडचिड, विसराळूपणा ही लक्षणं आहेत. हिमोग्लोबिन चांगलं असूनही हे होऊ शकतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि पित्तासाठी वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या खाणारे यांना धोका जास्त. शाकाहारी आणि मेटफॉर्मिन चालू, अशी सांगड आपल्याकडे घरोघरी आहे. त्यांनी तपासणी करून घ्यावीच. लवकर सापडलं तर पूर्ण बरं होतं, फार उशीर झाला तर थोडी इजा कायमची राहते. नुसतं फोलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्ताचा अहवाल सुधारतो आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं, हेही ध्यानात असू द्या.

बदाम, ब्राह्मी, शंखपुष्पी, जिन्को: यातलं काय उपयोगी?

बदाम चांगले. शेंगदाणे, अक्रोड, जवस, तीळ, कारळंही चांगलं. जवसाची चटणी बदामाच्या तुलनेत किती स्वस्त पडते ते बघा. ब्राह्मीवर लहान लहान चाचण्या झाल्या आहेत आणि काहींत स्मरणाच्या कसोट्यांत थोडी सुधारणा दिसली, पण तिनं स्मृतिभ्रंश टळतो असा पुरावा नाही. जिन्को या झाडाच्या पानांच्या अर्काची मात्र कसून परीक्षा झाली. अमेरिकेत ७५ वर्षांपुढच्या ३०६९ लोकांना सुमारे सहा वर्षं जिन्को किंवा नुसती दिसायला तशी गोळी दिली. २००८ साली निकाल लागला: स्मृतिभ्रंश जिन्कोनं कमी झाला नाही. कमतरता नसताना स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी बी जीवनसत्त्वं, ई जीवनसत्त्व किंवा ओमेगाच्या गोळ्या घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं आहे.

आयुर्वेदिक म्हणजे अपाय नाहीच, असं धरून चालू नका. २००४ साली बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. भस्म घातलेली औषधं लहान मुलांना आणि गरोदर बायकांना स्वतःच्या मनानं कधीच देऊ नका.

कानाचा आणि मेंदूचा काय संबंध?

लॅन्सेटच्या यादीत ऐकू कमी येणं सर्वात वरच्या कारणांत आहे. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलण्यातून बाहेर पडतो. लग्नात कोपऱ्यात बसतो, भजनाला जात नाही. घरचेही मग त्याच्याशी फक्त "जेवलात का" एवढंच बोलतात. अर्धवट ऐकू आलेलं जुळवण्यात मेंदूची सगळी शक्ती जाते आणि लक्षात ठेवायला उरत नाही. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदूला खाद्यच मिळत नाही.

२०२३ साली अमेरिकेतल्या ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवरच्या चाचणीत सरसकट सगळ्यांना श्रवणयंत्राचा फायदा दिसला नाही. पण ज्यांना हृदयविकार, मधुमेह असे इतर धोके जास्त होते, त्यांच्यात तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. चष्मा लावताना कुणी लाजत नाही, मग यंत्र लावताना का लाजायचं? सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज असह्य झाला म्हणून यंत्र कपाटात ठेवू नका, पुन्हा जाऊन आवाज जुळवून घ्या.

तरुणांसाठी: ढोल-ताशा पथकात असाल तर सरावालाही इअरप्लग लावा. डीजेच्या भिंतीसमोर उभं राहू नका. कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

डोळ्यांचंही असंच. सिएटलमध्ये तीन हजारांहून अधिक मोतीबिंदूच्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा शस्त्रक्रिया केलेल्यांत स्मृतिभ्रंश सुमारे २९ टक्क्यांनी कमी दिसला. ही नुसती निरीक्षणं आहेत, त्यामुळे सगळं श्रेय शस्त्रक्रियेला देता येत नाही. पण मोतीबिंदू तसाही काढायचाच असतो.

शब्दकोडी आणि सुडोकू सोडवले की मेंदू तल्लख राहतो का?

सुडोकू सोडवून माणूस सुडोकूत तरबेज होतो. त्याचा फायदा बाकीच्या आयुष्यात किती झिरपतो याबद्दल शंका आहे. ल्युमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या कंपनीनं असे मोठे दावे केले होते. ते फसवे ठरवून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०१६ साली तिच्याकडून २० लाख डॉलर वसूल केले. आवड असेल तर जरूर कोडी सोडवा.

मेंदूला जास्त कस लागतो तो नवीन काही शिकताना, आणि तेही माणसांत बसून. हार्मोनियम, मोडी लिपी, पोहणं, नातीकडून मोबाईलवरचे व्यवहार, काहीही. भाषेचं उदाहरण तर आपल्याच देशातलं आहे. हैदराबादच्या निजाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी यांच्या गटानं ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडला होता, आणि शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक दिसला. २०१३ चा हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. सोलापूरच्या बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू सहज बोलणारी भाजीवाली किंवा घरी कोंकणी आणि कामावर मराठी बोलणारा गोवेकर, यांच्या गाठीला ही पुंजी आहे.

शाळेचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. वर सांगितलेल्या देशव्यापी पाहणीत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त होतं. न शिकवलेल्या मुलींच्या पिढीची किंमत सत्तर वर्षांनी अशी समोर येते. आज मुलीला दहावीनंतर घरी बसवणं हा तिच्या मेंदूच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

रात्रपाळी आणि घोरणं, यानं मेंदूला इजा होते का?

ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासात पन्नाशी-साठीत सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के जास्त दिसला. रात्रपाळी सगळ्यांना सोडता येत नाही, हे उघड आहे. दिवसा झोपताना खोली काळोखी करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि घरच्यांनी ती झोप रात्रीइतकीच मानाची समजावी.

जोरजोरात घोरणं, मध्येच श्वास थांबून गुदमरल्यासारखं उठणं, दिवसा बसल्या जागी डुलक्या येणं, हे एकत्र असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी हवी. रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होतो आणि बीपी वाढतं. झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःहून चालू ठेवू नका. म्हातारपणी त्या गोंधळ आणि पडझड दोन्ही वाढवतात.

घरकाम व्यायामात धरावं का?

धाप लागेल असं असेल तर हो. आठवड्याला दीडशे मिनिटं दमसास वाढवणारी हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हे माप आहे. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेगानं चाला. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि बीपी-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा त्यांची बौद्धिक कसोट्यांतली प्रगती इतरांपेक्षा चांगली झाली. २०१५ च्या या चाचणीचा धडा एवढाच की एकाच उपायावर विसंबू नये. गटानं चालायला जाणाऱ्यांचं सातत्य टिकतं. शिवाय कट्ट्यावर गप्पा होतात, त्याही लागतातच.

तंबाखू, मशेरी, दारू?

तिन्ही सोडा. मशेरीला व्यसन न मानण्याची चूक घराघरांत होते. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तिच्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. दारू रोज जास्त पिणाऱ्याला थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, कमतरता होऊन स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. चूल अजून पेटत असेल तर तिचा धूर हेही प्रदूषणच.

हेल्मेट आणि पडणं यांचा इथे उल्लेख कशाला?

कारण डोक्याचा मार हा मेंदूचा सर्वात टाळता येणारा आजार आहे. मोटरसायकलवर हेल्मेटनं डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. मागे बसणाऱ्याचं डोकंही तितकंच मऊ असतं. पट्टा लावला नाही तर हेल्मेट आधी उडतं.

म्हाताऱ्यांत बाथरूममधलं पडणं धोक्याचं. साधा टेंगूळ आला, त्या दिवशी काही झालं नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी माणूस झोपाळू, गोंधळलेला झाला, तर मेंदूभोवती हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शक्यता आणखी जास्त. हे स्कॅनमध्ये दिसतं आणि शस्त्रक्रियेनं बहुधा सुधारतं. म्हणून पडल्याची तारीख लिहून ठेवा.

कोणता विसर साधा आणि कोणता काळजीचा?

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं साधं. चाळीस वर्षं केलेल्या पुरणपोळीचा क्रम मध्येच सुटणं काळजीचं. नाव न आठवून तासाभरानं आठवणं साधं. तेच दहा मिनिटांत चौथ्यांदा विचारणं आणि विचारल्याचं लक्षातच नसणं काळजीचं. ओळखीच्या मंडईतून घरचा रस्ता न सापडणं, पेन्शनच्या हिशेबात घोळ, शब्दांऐवजी "ते… ते हे" असं वाढणं, चोरीचा संशय, शांत माणूस अचानक संतापी होणं, हेही पाहा. स्मृतिभ्रंशाची सुरुवात दर वेळी विसरण्यानंच होत नाही.

बोलणं किंवा वागणं काही तासांत, एक-दोन दिवसांत बिघडलं तर तो स्मृतिभ्रंश नसतो. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, नवी औषधं अशी कारणं असतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि तोंड वाकडं, एक हात लुळा, जीभ जड असं झालं तर १०८ ला फोन करून स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लकव्याचं तेल, गावचं औषध, "सकाळी बघू" यात हे तास जातात. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात अर्थ नाही. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ मोजा.

डॉक्टर कोणत्या तपासण्या करतात? आजार घराण्यात असेल तर जनुकं तपासावीत का?

आधी सविस्तर बोलणं आणि स्मरणाची छोटी परीक्षा. मग बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम, मूत्रपिंड-यकृत आणि मेंदूचा स्कॅन. हे सगळं बरं होणारं कारण हुकू नये म्हणून. थायरॉइड मंद असणं, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, औषधांची खिचडी, मेंदूत पाणी साठणं, यांतलं काहीही स्मृतिभ्रंशासारखं दिसू शकतं. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घेऊन जा, सर्दीच्या आणि झोपेच्यासुद्धा.

जनुकांचं थोडक्यात: एका जनुकामुळे पिढ्यान्‌पिढ्या येणारा अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार) फार थोड्यांना, बहुधा साठीच्या आत होतो. तसा इतिहास असेल तर समुपदेशनासह तपासणी करा. आईला पंच्याऐंशीव्या वर्षी झाला, एवढ्यावरून तपासणीची गरज नाही.

नव्या औषधांनी अल्झायमर बरा होतो का?

बरा होत नाही. लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणीत त्यानं घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ते आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातच चालतं, बहुतेक वेळा शिरेतून दिलं जातं, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो म्हणून वारंवार एमआरआय लागतात, आणि खर्च प्रचंड. मेंदूतले बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून सुरू असतात, त्यामुळे संशोधनाचा रोख आता लवकर ओळखण्याकडे आहे. डोनेपेझिलसारखी जुनी औषधं काहींना काही काळ मदत करतात.

आम्ही परदेशात, आई-बाबा पुण्यात. फोनवरून काय ओळखता येईल?

पाच मिनिटांच्या कॉलमध्ये माणूस सावरून बोलतो. "काय चाललंय" ऐवजी गेल्या आठवड्यातलं नेमकं विचारा: बारशाला कोण कोण आलं होतं, जेवायला काय होतं. एक जण दुसऱ्याच्या प्रश्नांची उत्तरं देत असेल तर विशेष लक्ष द्या. जोडप्यातला एक जण दुसऱ्याचा विसर झाकत राहतो, प्रेमापोटीच. वीजबिल थकणं, बँकेचे गोंधळ, औषधांची पाकिटं उरणं किंवा लवकर संपणं, या गोष्टी कामवाल्या मावशींच्या आणि शेजाऱ्यांच्या आधी लक्षात येतात. त्यांच्याशी नातं ठेवा, नंबर ठेवा.

सुट्टीत आलात की नातेवाइकांच्या भेटींत एक दिवस राखून दोघांचा बीपी, साखर, बी-१२, कान आणि डोळे तपासून घ्या. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवा. निदान झालेलं असेल तर बँकेचे अधिकार, मृत्युपत्र, उपचारांबद्दलच्या इच्छा हे त्यांचं डोकं स्वच्छ असतानाच त्यांच्याशी बोलून लिहून घ्या. आणि सांभाळणारं माणूस, बहुतेक घरांत सून किंवा स्वतः म्हातारी बायको, तिला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी मिळेल अशी पगारी मदत लावून द्या. पैसे पाठवता येत असतील तर ते आधी इथे खर्च करा.